जुलाबावरील दुहेरी वसुली

पावसाळा लागला की शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतील पाड्यांवर जुलाब-उलट्यांचे रोगी वाढू लागतात. उन्हाळाभर टँकरची वाट पाहिलेल्या बाया मिळेल ते गढूळ पाणी भरतात. त्याच शहापूर तालुक्यातील तानसा आणि भातसाचे पाणी शुद्ध होऊन मुंबईच्या नळांना जाते. या जुन्या अन्यायाला चिकटलेल्या एका वसुलीकडे आज लक्ष वेधावयाचे आहे.

पोट बिघडलेल्या मुलाच्या आईच्या हाती बहुधा प्रथम प्रतिजैविक पडते. वास्तविक लहान मुलांचे बहुतेक पातळ जुलाब प्रतिजैविकाविना बरे होतात. त्यांना हवे असते क्षार-साखरेचे पाणी आणि जस्ताच्या गोळ्या. १९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी अशाच पाण्याने पटकीच्या असंख्य रोग्यांचे प्राण वाचविले. उलट प्रतिजैविक रोगजंतूंबरोबर आतड्यातील उपकारक जिवाणूंचाही संहार करते आणि त्यानेच पुन्हा जुलाब लागू शकतात. मग त्यावर उतारा म्हणून जिवंत जिवाणूंची, म्हणजे प्रोबायोटिकची, पुडी येते.

ही पुडी थोतांड आहे असे आम्ही म्हणत नाही. कॉक्रेन संस्थेच्या २०१९ च्या आढाव्यात ३३ चाचण्यांतील सहा हजारांहून अधिक मुलांची आकडेवारी तपासण्यात आली. प्रतिजैविकाबरोबर पुडी घेणाऱ्या शंभरातील ८ मुलांना जुलाब झाले, न घेणाऱ्या शंभरातील १९ मुलांना. मात्र २०१३ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ब्रिटनमधील सुमारे तीन हजार वृद्ध रुग्णांच्या चाचणीत लाभ दिसला नाही. तात्पर्य, जिवाणूंची जात, त्यांची मात्रा आणि रोगी यांवर सारे अवलंबून आहे. अत्यवस्थ रोग्यास तर पुडी अपायकारकही ठरू शकते.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने औषधांचा बाजार हा विलक्षण बाजार आहे. येथे निवड करणारा एक आणि पैसे मोजणारा दुसरा असतो. त्यामुळे अनावश्यक औषधाने केलेली इजा हीच पुढच्या मालाची मागणी होऊन बसते. वीटभट्टीवरून परतलेल्या कातकऱ्याची मजुरी अशी दोनदा कापली जाते. त्यास ‘दही-ताक खा’ म्हणणेही व्यर्थ, कारण त्याच्या दारी दुभते जनावर नाही. शिवाय ताकातील जिवाणूंची जात आणि मात्रा चाचणीतल्याप्रमाणे निश्चित नसते. आवश्यक औषधांची यादी करा, ती मूळ नावाने विका, असे हाथी समितीने १९७५ सालीच सुचविले होते. त्या शिफारशीमागील प्रश्न आजही सुटलेला नाही.

म्हणून कार्यकर्त्यांनी पावसाळ्यापूर्वी पाड्यापाड्यांवर जावे. आशा सेविकेकडे क्षारांच्या पुड्या आणि १४ दिवस पुरतील इतक्या जस्ताच्या गोळ्या आहेत की नाहीत, ते पाहावे. शौचात रक्त, तीव्र ताप किंवा मूल मलूल दिसल्यास तत्काळ रुग्णालय गाठावे, हे घरोघर सांगावे. तेथे डॉक्टरांनी दिलेले प्रतिजैविक मनाने बंद करू नये. अशा वेळी पुडी खरोखरच लागणार असेल, तर ती सरकारी दवाखान्यातून विनामूल्य मिळाली पाहिजे. आणि धरणांच्या कुशीतील पाड्यांना शुद्ध पाणी मिळावे, ही मागणी तहसील कचेरीवर पुन्हा एकदा नेली पाहिजे.