उन्हाळ्यातील उमेदवारी आणि आपले दायित्व

दरवर्षी स्मरणिकेच्या पानांवर आपल्या मुलामुलींच्या यशाची छायाचित्रे आपण अभिमानाने पाहतो. तो अभिमान रास्तच आहे. परंतु यंदा मला यशाच्या अशा एका पायरीविषयी लिहावयाचे आहे, जी येथे अमेरिकेत आपल्या मुलांना सहज सापडते आणि मायदेशातील आपल्या मुलांच्या पायाखालून ऐनवेळी निसटते. ती म्हणजे अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याने सुट्टीत कारखान्यात करावयाची उमेदवारी. आजच्या भाषेत उन्हाळी इंटर्नशिप.

दोन वर्षांपूर्वी माझ्या मुलीने येथील एका कंपनीत दहा आठवडे काम केले. तिला वेतन मिळाले, अनुभव मिळाला. त्याच उन्हाळ्यात मराठवाड्यातील माझ्या चुलतभावाच्या मुलाला पुण्याजवळच्या एका कारखान्यात आठ आठवड्यांची जागा मिळाली होती. तो यंत्र अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला होता. काम खरे होते. विद्यावेतन मात्र नव्हते. खोलीची अनामत, खाणावळ, प्रवास यांचा हिशेब त्याच्या वडिलांनी वहीच्या पाठकोऱ्या पानावर मांडला आणि वही मिटली. मुलगा गेला नाही. महाविद्यालयाला प्रमाणपत्र हवे होते. ते त्याने गावातल्याच एका प्रशिक्षण वर्गात पैसे भरून आणले. पुढे नोकरीच्या मुलाखतीत उन्हाळ्यात काय केले असे विचारताच तो निरुत्तर झाला. हे त्याने मला दूरध्वनीवर सांगितले, तेव्हा मला लाज वाटली ती माझीच. त्या हिशेबाविषयी मी कधी विचारलेच नव्हते.

अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने 2018 च्या आदर्श अभ्यासक्रमात इंटर्नशिपला अनिवार्य स्थान दिले. हेतू उत्तम आहे. परंतु जे अनिवार्य आहे ते विनावेतन असेल, तर ज्याच्या घरी दोन महिन्यांचा खर्च सोसण्याची ऐपत आहे त्यालाच विद्या मिळते. इतरांच्या हाती केवळ कागद येतो. 1961 च्या शिकाऊ उमेदवार कायद्यात विद्यावेतन आहे, 1973 च्या दुरुस्तीने अनुसूचित जाती-जमातींसाठी राखीव जागाही आल्या. मात्र अभियंत्याला तो आधार प्रामुख्याने पदवी हाती आल्यावर मिळतो. शिकत असतानाचा उन्हाळा रिकामाच राहतो.

या देशाने हा प्रश्न फार पूर्वी ओळखला. 1906 मध्ये सिनसिनाटी विद्यापीठात हर्मन श्नायडर यांनी वर्ग आणि कारखाना यांची आळीपाळी सुरू केली. विद्यार्थी शिकत असतानाच कमावू लागला. 1976 मध्ये स्थापन झालेल्या 'जेम' या संस्थेने कृष्णवर्णीय आणि इतर वंचित समाजांतील अभियंत्यांना उच्च शिक्षणासाठी शिष्यवृत्ती देताना उद्योगातील सवेतन उन्हाळी कामाची जोड दिली. केवळ शुल्क भरून भागत नाही, कारखान्याचे दारही उघडून द्यावे लागते, हे त्यामागील मर्म.

आपल्याला तर हे मर्म परके नाही. 1913 मध्ये बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात आले ते बडोद्याच्या दरमहा साडेअकरा पौंडांच्या शिष्यवृत्तीवर. त्या रकमेने त्यांना निर्वाहाबरोबर अभ्यासाचा वेळही दिला. 29 ऑक्टोबर 1942 रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो यांना सादर केलेल्या निवेदनात त्यांनी अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या विज्ञान व तंत्रशिक्षणासाठी देशात वार्षिक दोन लाख आणि परदेशी शिक्षणासाठी एक लाख रुपये मागितले. इतकेच नव्हे, तर सरकारी छापखाने आणि रेल्वेच्या कार्यशाळा यांत आपल्या मुलांना उमेदवार म्हणून घ्यावे, असाही आग्रह धरला. पुस्तकी विद्येला हाताच्या कौशल्याची जोड हवी, हे त्यांनी तेव्हाच सांगितले होते.

काहीजण म्हणतील, विद्यावेतन देणे हे कंपनीचे कर्तव्य आहे. मान्य, ती मागणी आपण सोडू नये. परंतु मागणी मान्य होईपर्यंत किती मुलांचे उन्हाळे वाया घालवायचे? माझ्या अंदाजाने आठ आठवड्यांच्या निर्वाहाला पंचवीस ते तीस हजार रुपये लागतात. म्हणजे काहीशे डॉलर. आपल्यापैकी अनेक कुटुंबे एका सहलीत याहून अधिक खर्च करतात.

म्हणून माझी सूचना अशी. आपल्या मंडळाने गुणवंतांच्या सत्काराबरोबरच दरवर्षी निदान दहा उन्हाळी विद्यावेतने द्यावीत. रक्कम आगाऊ द्यावी, कारण अनामत आधी भरावी लागते. केवळ पहिल्या क्रमांकाचा विचार न करता, जागा मिळूनही जाऊ न शकणाऱ्यांना प्राधान्य द्यावे. मुलींच्या सुरक्षित निवासाची जबाबदारी पुण्या-मुंबईतील आपल्या परिचितांनी घ्यावी. आणि प्रत्येक विद्यार्थ्यामागे आपल्यातील एका अभियंत्याने आठवड्यातून एकदा तरी दूरध्वनी करून विचारावे, 'आज काय शिकलास?' पैशाइतकाच हा प्रश्नही महत्त्वाचा आहे. आपल्या मुलांना ओळखीचा मनुष्य नसतो. तो आपण व्हावयाचे आहे.

माझ्या पुतण्याचा तो उन्हाळा आता परत येणार नाही. पुढचा उन्हाळा मात्र अजून यावयाचा आहे. पहिल्या विद्यावेतनाची रक्कम मी या लेखासोबत मंडळाकडे पाठवीत आहे. उरलेल्या नऊ आपण मिळून उभ्या करू या.