खणातलं बिल

परवा ऑफिसात वैद्यकीय बिलांची थप्पी उपसत बसलो होतो. गेली कित्येक वर्षं हे काम माझ्याच टेबलावर आहे. त्यामुळे खात्यातल्या कुणाचा गुडघा बदलला, कुणाच्या हृदयात स्टेंट बसला, कुणाच्या आईचा मोतीबिंदू काढला, हे मला तोंडपाठ! पण त्या दिवशी पहिल्यांदाच एक गोष्ट लक्षात आली. इतक्या वर्षांत मानसोपचाराची बिलं आली ती एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीसुद्धा नाहीत.

आता, आमच्या खात्यात सगळ्यांची मनं ठणठणीत आहेत असं कुणाला वाटत असेल, तर त्यानं मार्चअखेरीस आमच्याकडे एक चक्कर मारावी.

तुम्ही म्हणाल, पैशाची अडचण असेल. गोव्यात? दरडोई उत्पन्नात आपलं राज्य देशात अगदी वरच्या रांगेत आहे. शिवाय बिल सरकार देणार. मग अडतं कुठे?

देश श्रीमंत झाला की मनाचे उपचारही आपोआप वाढतात, असा एक समज आहे. तो अर्धा खरा आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं चौदा देशांत केलेल्या पाहणीचे आकडे २००४ साली प्रसिद्ध झाले. गंभीर मानसिक आजार असलेल्यांपैकी वर्षभरात काहीच उपचार न मिळालेले लोक कमी विकसित देशांत ७६ ते ८५ टक्के होते, तर श्रीमंत देशांत ३५ ते ५० टक्के. म्हणजे पैशानं फरक पडतो, चांगलाच पडतो. पण सगळं काही असलेल्या देशांतही तीनातला एक, कधी दोनातला एक माणूस तसाच राहिला. ही उरलेली दरी पैशानं बुजत नाही.

आमच्या सर्वणात बसून हे समजायला वेळ लागत नाही. डिचोली तालुक्यात खाणीचा पैसा कसा आला ते आम्ही पाहिलं. चीनची मागणी वाढली, खनिजाचे भाव चढले, कर्ज काढून दारात ट्रक आले, मातीच्या भिंती जाऊन स्लॅब पडले. २०१२ च्या सप्टेंबरात खाणी बंद झाल्या. पुढे सुरू होतात न होतात तोच मार्च २०१८ मध्ये पुन्हा ठप्प. ट्रक दारात उभे आणि बँकेचे हप्ते चालू. सरकारनं ट्रकमालकांसाठी मदतीच्या योजना काढल्या, ते बरंच झालं. पण त्या माणसाला रात्री झोप लागते का, तो संध्याकाळी बारमध्ये किती वेळ बसतो, हे विचारायला कुणी आल्याचं मला तरी आठवत नाही. टायर बदलायला पैसे मिळाले, चालकाचं मन मात्र कुणी पाहिलं नाही.

आणि गंमत म्हणजे, यावरचा एक उपाय गोव्यातच सापडला आहे! डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ साली इथे 'संगात' ही संस्था उभी केली. गोव्यातली सरकारी आरोग्य केंद्रं आणि खाजगी दवाखाने मिळून २४ ठिकाणी केलेला त्यांचा एक मोठा प्रयोग २०१० साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. डॉक्टर नसलेल्या साध्या माणसांना दोनेक महिन्यांचं प्रशिक्षण देऊन समुपदेशनाला बसवलं. सरकारी केंद्रांत नैराश्य-चिंतेचे रुग्ण सहा महिन्यांत बरे होण्याचं प्रमाण सुमारे ६६ टक्के आलं. जिथे अशी व्यवस्था नव्हती तिथे ४२ टक्के. खाजगी दवाखान्यांत मात्र असा फरक दिसला नाही. मला वाटतं, ओळखीचा डॉक्टर दोन शब्द जास्त बोलतो, त्याचाच तो गुण असावा. म्हणजे औषध महाग नाही. वेळ देऊन ऐकणारं माणूस हवं.

मग ते घ्यायला लोक का जात नाहीत? कुणी बांबोळीला गेलाय म्हटलं की आपल्याकडे पहिला प्रश्न, 'ताका कितें जालां?' आणि दुसरा, न विचारलेला प्रश्न : कुठल्या इमारतीत? मेडिकल कॉलेजात असेल तर आपण शहाळी घेऊन भेटायला जातो. शेजारच्या मानसोपचार संस्थेत असेल तर आवाज खाली येतो. ज्या कांदोळीत १७५६ साली आबे फारिया जन्मला, मनाच्या शक्तीचा विचार ज्यानं पॅरिसपर्यंत नेला, त्याच्याच गोव्यात ही गत!

कायदा आपल्या बाजूला आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं मनाचा आजार आणि शरीराचा आजार यांत भेद करायचा नाही असं सांगितलं, विम्यातसुद्धा नाही. पण कायदा चार टेबलांवरून फिरणारी फाईल झाकू शकत नाही.

हे मी कुणाला शिकवत नाही. गेल्या वर्षी मला स्वतःला चार महिने झोप नव्हती. पणजीतल्या डॉक्टरांकडे गेलो, गोळ्या घेतल्या, बोललो, बरा झालो. त्याचं बिल अजून माझ्या खणात आहे. दुसऱ्यांची शेकडो बिलं पास केली, स्वतःचं लावायला हात झाला नाही. रक्कम म्हणाल तर फार नव्हे. गुडघ्याच्या बिलापुढे चिल्लरच!

या महिन्यात ते लावणार आहे. चार टेबलांवर वाचलं जाईल, वाचू दे. आणि येत्या ग्रामसभेत एवढंच मागणार आहे : सर्वणच्या लोकांसाठी जवळच्या आरोग्य केंद्रात आठवड्यातून एक दिवस, बसून ऐकणारं एक शिकलेलं माणूस. एका ट्रकच्या टायरांपेक्षा त्याला जास्त खर्च येणार नाही.