एका रणांगणाची दोन वळणे

युद्धाचा निकाल जाहीर होतो शेवटच्या दिवशी. पण तो लागलेला असतो कितीतरी आधी, आणि पुष्कळदा अशा ठिकाणी, ज्याचे नाव विजयोत्सवात कोणी घेत नाही. आपल्या बुलढाणा जिल्ह्याला हे वेगळे सांगायला नको. सिंदखेडराजा तालुक्यातील साखरखेर्डा येथे १७२४ च्या ऑक्टोबरात निजाम-उल-मुल्क आणि मुबारिझखान हे दोन मोगल सरदार एकमेकांना भिडले. मुबारिझखान मारला गेला आणि तोंडाने दिल्लीचे नाव घेतच निजाम दख्खनमध्ये स्वतंत्र झाला. वऱ्हाडच्या पुढील शतकभराच्या राजकारणावर त्या एका दिवसाची छाया आहे. तरी साखरखेर्ड्यावरून एस.टी.ने जाणाऱ्या किती प्रवाशांना हे ठाऊक असते?

दुसऱ्या महायुद्धाबाबतही आपले असेच झाले आहे. त्याला कलाटणी देणाऱ्या तीन लढाया विद्यार्थी पाठ करतात. जून १९४२ मध्ये मिडवे येथे जपानच्या चार विमानवाहू नौका बुडाल्या. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात अल अलामेनची लढाई संपली आणि सुएझवरचे संकट टळले. फेब्रुवारी १९४३ मध्ये स्टालिनग्राड येथे जर्मनीच्या सहाव्या सेनेने शस्त्रे ठेवली. तिन्ही ठिकाणी घडले ते एकच : गमावलेले भरून काढण्याचे बळ आक्रमकापाशी उरले नाही. युद्धाचे वळण म्हणतात ते हेच. या मालिकेतील चौथे नाव आपल्याच भूमीवरचे आहे, इंफाळ-कोहिमा. आणि नेमके तेच आपण गाळतो.

मार्च १९४४ मध्ये जपानी सेनापती मुतागुची तीन डिव्हिजन घेऊन भारताच्या सीमेवर चालून आला. सोबत शिधा जेमतेम तीन आठवड्यांचा. पुढचे जेवण इंग्रजांची कोठारे जिंकून करायचे, असा त्याचा हिशेब. हा हिशेब चुकवायचा तर त्याचे दिवस खाणे एवढेच आवश्यक होते. ते काम प्रथम झाले उखरूलच्या दक्षिणेस सांगशाक या नागा खेड्यात. तेथे ५० व्या भारतीय पॅराशूट ब्रिगेडबरोबर मराठा लाइट इन्फंट्रीची एक पलटण उभी होती. काटेरी तारा नाहीत, पाणी अपुरे, विमानांतून टाकलेली रसद बहुतांशी शत्रूच्या हाती पडणारी. अशा स्थितीत २६ मार्चच्या रात्रीपर्यंत ते ठाणे झुंजले. नकाशावर हा पराभवच दिसतो. पण कोहिमाकडे धावणारे जपानी तेथे अडले, आणि त्या अवधीत आराकानहून भारतीय पाचवी डिव्हिजन विमानांनी हलवली जात होती. पुढे कोहिमा टिकले, २२ जूनला इंफाळचा रस्ता खुला झाला आणि पावसाळा व उपासमार यांनी उरलेले काम केले. सुमारे ८५ हजार जपान्यांपैकी ५० हजारांहून अधिक मृत, जखमी वा बेपत्ता झाले.

येथे एक अवघड प्रश्न उभा राहतो. याच रणांगणाच्या दुसऱ्या बाजूस नेताजींची आझाद हिंद सेना होती. १४ एप्रिल १९४४ रोजी तिने मोइरांगला तिरंगा फडकवला. मग इंग्रजांच्या गणवेशात लढलेल्या मराठ्यांचा गौरव करावा का? निःसंशय करावा. त्याच वर्षी ३० जानेवारीला अंदमानात होम्फ्रेगंज येथे जपान्यांनी ४४ निरपराध भारतीयांना गोळ्या घातल्या होत्या. असे सैन्य आसाम-बंगालच्या दारातून परतवणे ही देशसेवाच होती. स्वातंत्र्यासाठी प्राण पणाला लावणारे नेताजींचे सैनिकही तितकेच वंदनीय होत. एकाला मोठे करण्यासाठी दुसऱ्याला लहान करण्याचे कारण नाही.

कारण त्याच रणांगणातून दुसरे वळण फुटले. जिंकलेल्या इंग्रजांनी नोव्हेंबर १९४५ मध्ये लाल किल्ल्यात हरलेल्यांवर खटला भरला आणि सारा देश आरोपींच्या पाठीशी उभा राहिला. फेब्रुवारी १९४६ मध्ये मुंबईत नाविकांनी बंड पुकारले. ज्या २५ लाखांच्या भारतीय सेनेच्या बळावर युद्ध जिंकले, तिच्या निष्ठेवर राज्य यापुढे चालणार नाही, हे राज्यकर्त्यांना उमगले. पहिल्या वळणाने जपानची वाट बंद केली, दुसऱ्याने इंग्रजांची.

२०१३ मध्ये लंडनच्या राष्ट्रीय लष्करी संग्रहालयातील मतदानात ब्रिटनची सर्वांत मोठी लढाई म्हणून इंफाळ-कोहिमाची निवड झाली. त्यांनी आपला हिशेब मांडला. आपला कोण मांडणार? आपल्या गावांतून त्या युद्धात गेलेल्यांची पदके, पत्रे, पेन्शनचे कागद आजही काही घरांच्या ट्रंकांत असतील. ते पाहणारी, वाचणारी पिढी सरत चालली आहे. शाळांनी व ग्रंथालयांनी ती नावे गावोगाव नोंदवावीत आणि येत्या २६ मार्चला विद्यार्थ्यांना सांगशाक नकाशावर दाखवावे. खर्च काहीच नाही. विलंब मात्र आता परवडणारा नाही.