पळणारं काळवीट म्हणजे पोर्ट्रेट नव्हे!

मित्रांनो, एक प्रश्न. कॉलेजच्या फोटो स्पर्धेत काळविटाचे फोटो येतात, त्यातल्या बहुतेक फोटोंत ते जीव खाऊन पळतच का असतं? मागे धुरळा, मान ताठ, डोळे विस्फारलेले. परीक्षक म्हणतात, "काय ॲक्शन आहे!" मला मात्र फोटोबाहेरची जीप दिसते.

आपण सरसकट 'हरीण' म्हणतो, पण काळवीट हे कुरंग. चितळ-सांबराची शिंगं दरवर्षी गळतात, याची पिळदार शिंगं जन्मभराची. नर वयानुसार काळा होत जातो. डोळ्याभोवतीचं पांढरं कडं तर मेकअपमननं काढल्यासारखं! एवढा चेहरा देवानं दिलेला असताना आपण त्याची पाठ टिपतो, याला काय म्हणावं?

"जवळ गेल्याशिवाय फोटो कसा येणार?" हा ठरलेला युक्तिवाद. चला, गणित मांडू. सेन्सर साधारण 22 × 15 मिमी, लेन्स 400 मिमी, अंतर 50 मीटर. समरूप त्रिकोण तर दहावीतच झालेत. फ्रेममध्ये सुमारे 2.75 मीटर रुंद आणि 1.9 मीटर उंच जागा मावते. काळविटाची खांद्यापाशी उंची 80 सेंमीच्या आसपास. म्हणजे शिंगांसकट अख्खा प्राणी बसतो, वर त्याचं माळरानही येतं. आणि माळरानाशिवाय काळविटाचं पोर्ट्रेट म्हणजे पासपोर्ट फोटोच की!

आता दुसरं गणित. कर्जत तालुक्यातलं रेहेकुरी अभयारण्य 1980 साली खास काळविटांसाठी जाहीर झालं. क्षेत्रफळ किती? अवघं 2.17 चौ. किमी. चौरस धरला तर बाजू दीड किलोमीटरही नाही. ताशी 60 किमीनं पळणारं काळवीट ती दीड मिनिटात संपवतं. पुढे काय? शेतं, कुंपणं, विहिरी, रस्ते. गवतात दडवून ठेवलेलं पिल्लू मागे राहतं ते वेगळंच. आपल्याला एक 'क्लिक' मिळतो, त्याची किंमत दुसराच कोणीतरी मोजतो. शिवाय 1972 च्या वन्यजीव कायद्यानुसार अभयारण्यात प्राण्यांना त्रास देणं हा गुन्हाच आहे.

मग करायचं काय? काही नाही, बसायचं! हद्द राखणारा नर लेंड्या टाकायला ठरलेल्या जागी पुन्हा पुन्हा येतो. ती जागा लांबून हेरा. सकाळी लवकर जा, गाडी एकदाच लावा आणि इंजिन बंद करा. दुपारी तापलेल्या जमिनीवरची हवा थरथरते, मग लाखाची लेन्ससुद्धा चित्र धूसर देते. काळ्या अंगामुळे कॅमेरा फसतो आणि पोटाचा पांढरा रंग जळतो, म्हणून एक्स्पोजर थोडं कमी ठेवा. मान वर करून ते एकटक आपल्याकडे बघायला लागलं, चरणं थांबलं, की समजा आपण हद्द ओलांडली. तिथून मागे फिरायचं.

राहता राहिली स्पर्धा. माझी सूचना साधी आहे. प्रत्येक फोटोसोबत अंतर, लेन्स आणि फोटो कसा काढला हे लिहून घ्या, आणि पाठलाग करून काढलेला फोटो सरळ बाद करा. टाळ्या थांबल्या की जीपही आपोआप थांबेल. शांतपणे चरणाऱ्या काळविटाचा फोटो कदाचित 'थ्रिलिंग' वाटणार नाही. पण आपण निघून गेल्यावरही ते तिथेच चरत असेल. पटतंय का बघा!