डिस्नेलँडची रांग

यंदाच्या कोजागिरीला मंडळाच्या गच्चीवर दूध आटत असताना एका सभासदांनी विषय काढला. दिवाळीनंतर ते मुलाकडे कॅलिफोर्नियाला निघाले आहेत. मुलगा डिस्नेलँड दाखवणार आहे आणि चौघांची एका दिवसाची तिकिटे साठ-सत्तर हजार रुपयांपर्यंत जातील, असे म्हणतो. "तुम्ही जाऊन आला आहात. एवढे पैसे घेण्यासारखे तिथे असते तरी काय?" असे त्यांनी विचारले. गर्दीत नीट उत्तर देता आले नाही, म्हणून हा लेख.

माझी नोकरी बँकेतली आणि त्यातली बरीच वर्षे कर्ज विभागात गेली. त्यामुळे कुठलीही मोठी वास्तू पाहिली की सौंदर्याआधी माझ्या मनात प्रश्न येतो : याला पैसा कोणी दिला?

डिस्नेलँडच्या बाबतीत त्याचे उत्तर फार रंजक आहे. वॉल्ट डिस्ने सुट्टीच्या दिवशी आपल्या दोन मुलींना लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कमध्ये घोड्यांच्या चक्रावर बसवायला नेत आणि स्वतः बाकावर बसून राहत. मुले मजा करतात आणि पालक ताटकळतात, त्याऐवजी दोघांनाही एकत्र रमता येईल अशी जागा का नसावी, हा विचार तिथला. स्टॅनफर्ड संशोधन संस्थेकडून पाहणी करून घेऊन त्यांनी ॲनाहाइम या गावातली सुमारे १६० एकर जमीन निवडली. तिथे तेव्हा संत्र्यांच्या बागा होत्या. जुलै १९५४ मध्ये काम सुरू झाले आणि वर्षभरात, १७ जुलै १९५५ रोजी, उद्यान उघडले. खर्च सुमारे १ कोटी ७० लाख डॉलर.

हा प्रस्ताव माझ्या टेबलावर आला असता तर मी तो बहुधा शेरा मारून परत पाठवला असता. प्रवर्तकाचा मूळ धंदा व्यंगचित्रपटांचा, अशा उद्यानाचा अनुभव शून्य. सख्खा भाऊ रॉय हाच कंपनीचा पैसा सांभाळणारा, आणि तोही सुरुवातीला साशंक. वॉल्टनी आयुर्विम्यावर कर्ज काढले, सुट्टीतले घर विकले. अखेर एबीसी ही दूरचित्रवाणी कंपनी पुढे आली. तिने ५ लाख डॉलर भांडवल घातले, ४५ लाख डॉलरच्या कर्जाला हमी दिली आणि उद्यानात सुमारे ३४ टक्के हिस्सा घेतला. बदल्यात डिस्नेंनी तिच्यासाठी साप्ताहिक कार्यक्रम करायचा होता. त्या कार्यक्रमाचे नावच 'डिस्नेलँड'. म्हणजे उद्यान उघडण्याआधी नऊ महिने घराघरात त्याची जाहिरात सुरू झाली, आणि तीही दुसऱ्याच्या पैशाने. १९६० मध्ये एबीसीचा हिस्सा ७५ लाख डॉलर देऊन परत घेतला गेला.

पहिला दिवस मात्र फजितीचा ठरला. बनावट पासांमुळे अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त माणसे आत घुसली. ऊन इतके की ताज्या डांबरात बायकांच्या उंच टाचा रुतत होत्या. नळकाम करणाऱ्यांच्या संपामुळे पिण्याच्या पाण्याचे नळ आणि स्वच्छतागृहे यांतले एकच काही वेळेत होणार होते. वॉल्टनी स्वच्छतागृहे निवडली. तरीही सप्टेंबर संपायच्या आत दहा लाख माणसे येऊन गेली. माझा शेरा चुकला असता, हे मान्य केलेच पाहिजे.

डोळ्यांना न दिसणारे

मुले ज्याला जादू म्हणतात ती बरीचशी बांधकामातली हुशारी आहे. उद्यानाभोवती मातीचा उंच बांध घातलेला आहे आणि त्यावरून छोटी आगगाडी फिरते. बांधामुळे बाहेरचे रस्ते, घरे, विजेचे खांब आतून दिसत नाहीत. मुख्य रस्त्यावरच्या इमारतींचे वरचे मजले तळमजल्यापेक्षा लहान मापाने बांधलेले आहेत, म्हणून त्या आहेत त्यापेक्षा उंच भासतात. फोटोंतून भव्य वाटणारा किल्ला प्रत्यक्षात फक्त ७७ फूट उंच आहे. जे नजरेस पडू नये, ते फाटक असो वा पेटी, झाडीत मिसळून जाईल अशा फिकट हिरव्या रंगाने रंगवतात.

१९६९ च्या भुताच्या वाड्यात एक खोली आहे. आपण आत उभे राहतो आणि भिंती लांबत गेल्यासारख्या वाटतात. खरे तर ती लिफ्ट आहे. ती आपल्याला खाली नेते, तिथून रुळांखालच्या बोगद्यातून चालत आपण बांधाबाहेरच्या मोठ्या इमारतीत पोहोचतो आणि खरा खेळ तिथे चालतो. दारातल्या अग्निशमन केंद्राच्या वर वॉल्ट यांची राहण्याची छोटी जागा होती. त्या खिडकीतला दिवा आजही त्यांच्या आठवणीसाठी तेवत ठेवतात. जवळच एका खिडकीवर त्यांच्या वडिलांचे, एलियास यांचे, नाव कंत्राटदार म्हणून लिहिलेले आहे.

हे सगळे पाहून मी खूश होतो. पण सगळ्यात कौशल्याने लपवलेली वस्तू मला शेवटी कळली. ती म्हणजे रांग. ती भिंतींआडून, वळणावळणाने अशी फिरवतात की पुढे किती माणसे आहेत ते समजू नये.

रांगेचा भाव

१९५५ साली मोठ्यांना प्रवेश एक डॉलर आणि मुलांना पन्नास सेंट होता. प्रत्येक खेळाचे पैसे वेगळे. लवकरच तिकिटांची पुस्तके निघाली : ए, बी, सी आणि पुढे डी, ई. साध्या खेळाला ए, सर्वांत भारी खेळाला ई. १९८२ मध्ये पुस्तके बंद होऊन एकाच प्रवेश तिकिटात सगळे खेळ आले. १९९९ पासून 'फास्टपास' नावाची चिठ्ठी मिळू लागली. यंत्रातून चिठ्ठी घ्यायची आणि दिलेल्या वेळी परत यायचे. आमच्या बँकेतल्या टोकनासारखेच, आणि फुकट.

डिसेंबर २०२१ मध्ये त्या जागी पैसे भरून घ्यायची सोय आली. ऑक्टोबर २०२४ मध्ये आणखी एक वरचा पास निघाला. त्याची सुरुवातीची किंमत दिवसाला माणशी ४०० डॉलर, म्हणजे तेव्हाच्या दराने सुमारे ३३ हजार रुपये. प्रवेश तिकीट वेगळे. त्याच महिन्यात सर्वांत गर्दीच्या दिवसांचे प्रवेश तिकीट २०६ डॉलर झाले.

कंपनीची बाजूही पाहिली पाहिजे. कमी गर्दीच्या दिवसांचे सर्वांत स्वस्त तिकीट १०४ डॉलरवर २०१९ पासून टिकवले होते. ज्याला परवडते त्याच्याकडून जास्त घेऊन इतरांना दार उघडे ठेवले, असा युक्तिवाद करता येतो. शिवाय २०२४ च्या आर्थिक वर्षात डिस्ने कंपनीच्या परिचालन नफ्यातला जवळजवळ ६० टक्के वाटा उद्याने, जहाजे आणि खेळणी यांच्या विभागाचा होता. घरचा कर्ता मुलगा कोण, हे त्यावरून कळते.

पण माझ्यातल्या हिशेबनिसाला एक गोष्ट खटकते. ई तिकीट घेणारा जास्त पैसे देत होता, कारण तो भारी खेळ खेळत होता. रांगेत तो सगळ्यांसारखाच उभा राहत होता. आजचा जादा पैसा घेतला जातो तो पुढे जाण्यासाठी. तासाला पाळण्यात बसणारी माणसे ठरलेली असतात, म्हणून मी पुढे गेलो की कोणीतरी मागे सरकतो. आणि साधी रांग जितकी कंटाळवाणी, तितका पास खपतो. जी रांग कमी करायची जबाबदारी कंपनीची, तिच्यावरच तिची कमाई अवलंबून राहिली, तर ती कमी करण्याची घाई कोणाला असेल?

यावर खरा उपाय नवे खेळ बांधण्याचा आहे. २०२४ मध्ये ॲनाहाइमच्या नगर परिषदेने डिस्नेलँडच्या विस्ताराला मंजुरी दिली आणि कंपनीने दहा वर्षांत किमान १९० कोटी डॉलर गुंतवण्याचे कबूल केले. पैसा लागला की साधी रांग लहान होते की नाही, यावर मी त्या योजनेचे यश मोजेन.

आता माझी गोष्ट. मुलाने आमच्यासाठी जादा पैसे भरले होते, मला न सांगता. आम्ही वेगळ्या फाटकातून भराभर पुढे गेलो. शेजारच्या रांगेत माझ्याच वयाचे एक आजोबा झोपलेल्या नातीला खांद्यावर घेऊन उभे होते. आमची नजरानजर झाली आणि मी मान वळवली. मला आठवले, मोठ्या ठेवीदारांचे डिमांड ड्राफ्ट मीही कित्येकदा केबिनमध्ये चहा पाजून आधी काढून दिले होते. काउंटरवरची टोकन घेतलेली माणसे तेव्हा बघत असणारच. मी त्यांच्याकडे कधी पाहिले नव्हते. आता देवळातही पैसे भरून दर्शनाची वेगळी रांग असते, त्यामुळे अमेरिकेकडे बोट दाखवण्यात अर्थ नाही.

आपण बडोदेकर कमाटी बागेत वाढलो. सयाजीराव महाराजांनी १८७९ मध्ये केलेल्या त्या बागेत आपल्या लहानपणी आत शिरायला पैसे पडत नसत. वाड्यातली आणि चाळीतली मुले एकाच हिरवळीवर लोळत. अशी जागा गावात असते तेव्हा तिची किंमत कळत नाही.

तेव्हा सभासदांना माझे उत्तर असे : जरूर जा. शनिवार-रविवार आणि शाळांच्या सुट्ट्या टाळा, उद्यान उघडण्याआधी अर्धा तास दारात उभे राहा, भारी खेळ सकाळीच उरका. वरच्या खिडक्यांकडे पाहा, तो दिवा नातवंडांना दाखवा. जादा पास घ्यायचा की नाही ते गुडघे आणि खिसा पाहून ठरवा. मुलगा पैसे भरणार असेल तर मात्र आधी विचारून ठेवा. मी विचारले नव्हते.