आधी पडदा, मग प्रोसेसर

तुळशीचं लग्न लागलं की यवतमाळ जिल्ह्यातल्या फोटो स्टुडिओंचा सीझन सुरू होतो. त्याच्या आधी दिवाळीच्या सुमारास अनेक स्टुडिओवाले नवा कॉम्प्युटर घ्यायला नागपूर किंवा अमरावती गाठतात. दुकानात बोलणं सुरू होतं ते प्रोसेसर आय-फाइव्ह की आय-सेव्हन आणि ग्राफिक कार्ड किती जीबीचं यावरून. काचेच्या कॅबिनेटमध्ये दिवे लावलेलं एखादं गेमिंग मशीन पसंत पडतं. बजेट तिथेच संपतं आणि मॉनिटर म्हणून सगळ्यांत स्वस्त डबा गाडीत येतो. फोटो एडिटिंगसाठी याहून उलटा हिशेब दुसरा नसेल.

हे मशीन रोज काय काम करणार, ते आधी पाहायला हवं. मोठ्या लग्नात दोन फोटोग्राफर मिळून चार हजार फोटो काढतात, यात आता नवल राहिलेलं नाही. 24 मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याची एक रॉ फाइल साधारण 25 ते 30 एमबीची असते. म्हणजे एकाच लग्नाचे 100 जीबीहून जास्त. त्यातले निवडक फोटो करिझ्मा अल्बमच्या शीटवर बसतात. 12 बाय 36 इंचाची शीट 300 डीपीआयला घेतली की 3600 गुणिले 10800, म्हणजे जवळपास 3 कोटी 89 लाख पिक्सेल होतात. फोटोशॉपमध्ये तिचा एक भरलेला लेयर सुमारे 117 एमबी जागा धरतो. पार्श्वभूमी, नवरा-नवरी, फुलांची चौकट, नावं, सावल्या असे दहा लेयर चढले की एक जीबी कधीच ओलांडलेला असतो, आणि फोटोशॉप मागच्या स्टेप्सही लक्षात ठेवतच असतं.

म्हणून रॅम 16 जीबीच्या खाली नको. अल्बमचं काम नेमाने चालत असेल तर 32 जीबी घ्यावी. रॅम कमी पडली की फोटोशॉप डिस्कवर लिहू लागतं. साधी हार्ड डिस्क सेकंदाला शे-दीडशे एमबी लिहिते, एनव्हीएमई एसएसडी तीन हजारांच्याही पुढे जाते. जुनं मशीन ‘हँग’ होतं म्हणून प्रोसेसर बदलायला निघालेल्या कित्येकांचं काम नुसती रॅम आणि एसएसडी बसवून भागतं. 2025 च्या अखेरीस रॅमचे भाव भडकले, त्यामुळे ‘आत्ता आठ घेऊ, पुढे वाढवू’ हा सल्लाही आता महागात पडू शकतो.

पण खरा घोटाळा पडद्यावर होतो. स्वस्त मॉनिटरच्या आणि लॅपटॉपच्या माहितीत ‘45 टक्के एनटीएससी’ असं लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ, फोटो लॅब ज्या एसआरजीबी रंगमर्यादेत काम करते, तिच्यातला मोठा हिस्सा हा पडदा दाखवूच शकत नाही. यातला पहिला बळी लाल रंगाचा. पुसद, दिग्रस, आर्णीकडच्या बंजारा लग्नात फेटिया-कांचळीचा गर्द लाल आणि त्यावरचे आरसे हीच फोटोची जान असते. कमकुवत पडद्यावर तो लाल विटका दिसतो, मग ऑपरेटर सॅच्युरेशन वाढवतो, आणि लॅबमधून येणाऱ्या प्रिंटमध्ये कापडावरचं सगळं भरतकाम एका लाल डागात बुडून जातं. टीएन पॅनेल असेल तर मान थोडी वर-खाली केली तरी रंग बदलतात. खुर्चीत बसलेला ऑपरेटर आणि मागे उभे असलेले नवरीचे वडील एकच फोटो दोन रंगांत बघत असतात.

दुसरी तक्रार तर प्रत्येक स्टुडिओने ऐकलेली आहे: प्रिंट काळी आली. दोष लॅबच्या माथी मारला जातो, पण बहुतेक वेळा कारण घरातच असतं. नवा मॉनिटर भडक दिसावा म्हणून त्याचा उजेड कारखान्यातूनच भरपूर ठेवलेला असतो; बरेच मॉनिटर 250 ते 300 निट्सपर्यंत जातात. प्रिंटसाठी एडिटिंग करताना तो 80 ते 120 निट्सच्या आसपास हवा. झगझगीत पडद्यावर फोटो उजळ वाटतो, म्हणून हात आखडतो, आणि कागदावर चेहरे काळवंडतात. मग पुढच्या वेळी सरसकट सगळे चेहरे उजळवले जातात. सावळ्या नवरीला पांढरी करून देण्याची खोड काही प्रमाणात इथूनही येते. तिच्या रंगातली तकाकी पडद्यावर दिसतच नसेल, तर ती राखायची तरी कशी? मुलीचा चेहरा तिच्या अल्बममध्ये तिचाच दिसला पाहिजे, आणि त्यासाठी बिलात काही हजार रुपये वाढले तरी ते सार्थकी लागतात.

तेव्हा 24 किंवा 27 इंचांचा, आयपीएस पॅनेलचा, एसआरजीबी जवळजवळ पूर्ण दाखवणारा मॉनिटर आधी ठरवावा, आणि उरलेल्या पैशांत कॅबिनेट भरावं. जमलं तर 2560 बाय 1440 रिझोल्यूशनचा घ्यावा. फुल एचडीवर 12 बाय 36 ची शीट शंभर टक्के झूमवर पाहिली तर एका वेळी तिचा एकोणिसावा भागच दिसतो.

मग ग्राफिक कार्ड बिनकामाचं का? ते कामावर ठरतं. पांढरकवड्याजवळच्या टिपेश्वर अभयारण्यात पहाटेच्या अंधुक उजेडात वाघ टिपणाऱ्यांना आयएसओ 6400 च्या पुढे जावं लागतं आणि फोटोत दाणे येतात. ते काढणारं एआय डिनॉइज अडोबीने एप्रिल 2023 मध्ये लाइटरूममध्ये आणलं, आणि त्याचा सगळा भार ग्राफिक कार्डावर पडतो. चांगल्या कार्डावर फोटो काही सेकंदांत निघतो, प्रोसेसरमधल्या साध्या ग्राफिक्सवर एकेका फोटोला मिनिटं मोजावी लागतात. सफारीतले दोनशे फोटो साफ करायचे असतील तर कार्ड घ्यावंच. व्हिडिओ एडिट करणाऱ्यालाही ते लागतं. पण ज्याचं मुख्य काम अल्बम डिझायनिंगचं आहे, त्याला मधल्या दर्जाचं कार्डही पुरून उरतं.

महागड्या कार्डाची वीज आपल्याकडे आणखी एक अडचण करते. बऱ्याच स्टुडिओंत 600 व्हीएचा यूपीएस असतो, त्यातून साधारण 360 वॅट मिळतात. एकट्या कार्डाने 200 वॅट ओढले की प्रोसेसर आणि मॉनिटर मिळून तो काठावर येतो, आणि वीज गेल्यावर फाइल सेव्ह करायलाही सवड राहत नाही. खेड्यापाड्यांत व्होल्टेज खालीवर होत असताना यूपीएस ही चैन नव्हे, ती कॉम्प्युटरच्या किमतीतच धरायची वस्तू आहे.

लॅपटॉपचं आकर्षण समजण्यासारखं आहे. मंडपातच कॅमेऱ्याचं मेमरी कार्ड खाली करता येतं, वरात यायच्या आत दहा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर जातात. पण मे महिन्यात पारा 44-45 अंशांवर गेला की पातळ लॅपटॉप तापतो आणि स्वतःला वाचवायला वेग उतरवतो. दिवसभर बसून करायचं काम डेस्कटॉपवरच चांगलं चालतं, शिवाय त्याचा बिघडलेला भाग दारव्ह्यात किंवा वणीतही बदलून मिळतो. फक्त कॅबिनेट कूलरच्या ओल्या झोतासमोर ठेवू नये. सेकंडहँड घेणाऱ्यांनी आणखी एक पाहावं. विंडोज 10 चा नेहमीचा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला, आणि विंडोज 11 साठी इंटेलचा निदान आठव्या पिढीचा प्रोसेसर लागतो. ‘आय-सेव्हन आहे’ एवढं ऐकून चौथ्या पिढीचं मशीन उचलू नये.

साठवण हा मॉनिटरइतकाच महत्त्वाचा खर्च. सीझनमध्ये तीस लग्नं केली तर तीन टीबी सहज भरतात. पीटर क्रोघ या अमेरिकी फोटोग्राफरने रुळवलेला नियम सोपा आहे: तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, त्यातली एक दुसऱ्या ठिकाणी. स्टुडिओच्या मशीनमध्ये एक, बाहेरच्या हार्ड डिस्कवर दुसरी, आणि तिसरी घरच्या कपाटात किंवा क्लाउडवर. अल्बम हाती पडेपर्यंत तरी तिन्ही जपाव्यात. हार्ड डिस्क उडाली तर लग्न पुन्हा लावता येत नाही, आणि त्या गर्दीतल्या एखाद्या आजीचा तो शेवटचा फोटोही असू शकतो.

राहिला रंग जुळवणारा कॅलिब्रेटर. पडद्यावर टेकवायचं हे छोटं यंत्र रंग मोजून मॉनिटरचं प्रोफाइल बनवतं. एकट्याला ते महाग वाटतं, पण ते रोज लागत नाही; महिन्यातून एकदा वापरलं तरी चालतं, आणि एका मॉनिटरला पाव तासाच्या आसपास वेळ पुरतो. तालुक्यातल्या फोटोग्राफरांनी वर्गणी काढून एक घ्यावं आणि आळीपाळीने फिरवावं. येत्या सीझनच्या आधी पुसद किंवा वणीच्या फोटोग्राफरांनी एवढं केलं, तर मार्गशीर्षातल्या अल्बमांतच फरक दिसू लागेल.