आम्ही काय पाहतो?

परगावी शिकायला गेलेल्या विद्यार्थ्याने सुट्टीच्या दिवशी ते गाव पायाखाली घालावे, हा रिवाज जुनाच आहे. परदेशी गेलेले आपले माजी विद्यार्थी तेच करतात. सोमवार ते शुक्रवार वर्ग आणि ग्रंथालय. शनिवार-रविवार एखादा किल्ला, एखादे चर्च, एखादे संग्रहालय. त्यांची छायाचित्रे आपल्याकडे त्याच रात्री येऊन पोचतात आणि वसतिगृहात आपण ती एकमेकांना दाखवीत उसासे टाकतो. माझे परगाव इतके दूर नाही. मी हिवरे बाजारचा आणि शिकायला नगरला. 2024 साली शहराचे नाव अहिल्यानगर झाले, पण एस.टी.च्या कंडक्टरपुढे तोंडातून अजून ‘एक नगर’ असेच निघते. सतरा-अठरा किलोमीटरचे अंतर म्हणजे काही सातासमुद्रापार नव्हे, हे मान्य. तरी वसतिगृहात खाट मिळाली की माणूस परगावचा होतो, आणि पाचशे वर्षांचे शहर पाहायला मिळत असेल तर त्याने ते का पाहू नये? गेली दोन वर्षे मी बहुतेक रविवार सायकलवरून हेच करीत आलो आहे. त्यावरून माझे जे मत बनले ते गुरुजनांना आणि मित्रांना थोडे कडू लागेल, पण मांडतो.

आपण पाहायला जातो आणि वास्तू पाहून परत येतो. ती कशावर उभी राहिली, कशावर जगली आणि कोणी ती सांभाळली, हे विचारीतच नाही.

हे बोलण्याचा अधिकार मला थोडासा आहे, कारण मी ‘पाहिल्या जाणाऱ्या’ गावात वाढलो. आमच्या गावात गाड्या येतात. कधी दुसऱ्या जिल्ह्यातले सरपंच, कधी अधिकारी, कधी शाळेच्या सहली, कधी परदेशी विद्यार्थी. त्यांना रस्ते स्वच्छ दिसतात, डोंगरावरचे चर दिसतात, झाडी दिसते. पोपटराव पवार भेटतील का, अशी चौकशी होते. ती योग्यच आहे. 1989 साली ते सरपंच झाले तेव्हापासूनचे काम सगळ्या देशाला ठाऊक आहे आणि 2020 साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. मग निधी किती आला, हा प्रश्न. मग फलकासमोर छायाचित्र, आणि गाडी निघते.

पण आमच्या गावातली खरी पाहण्यासारखी गोष्ट छायाचित्रात येत नाही. ती म्हणजे पाण्याचा ताळेबंद. आमच्याकडे पाऊस सरासरीने 400 मिलिमीटरच्या आसपास. तोही येईल तसा. पाऊस मोजायचा, जमिनीत किती मुरला असेल याचा अंदाज करायचा, माणसांचे आणि जनावरांचे पिण्याचे पाणी आधी बाजूला काढायचे, आणि उरलेल्यात यंदा कोणते पीक बसेल हे ग्रामसभेत ठरवायचे. उसाला आणि केळीला परवानगी नाही. शेतीसाठी बोअर पाडायची नाही. कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी, श्रमदान हे शब्द आमच्या लहानपणी पाढ्यांसारखे कानावर पडत. ऐकायला हे सोपे वाटते. पण पाऊस कमी झाला त्या वर्षी स्वतःच्या मालकीच्या विहिरीत पाणी दिसत असताना रान पडीक ठेवणे म्हणजे काय, हे शेतकऱ्याच्या घरात बसल्याशिवाय कळायचे नाही. सभेत आवाज चढतात. एखादा रुसून बसतो. तरीही निर्णय होतो आणि बहुतेक जण तो पाळतात. गावातली हिरवळ या ‘नाही’ म्हणण्यावर उभी आहे. पाहुण्यांपैकी फार थोडे हा विषय काढतात.

हीच नजर घेऊन मी नगर पाहू लागलो, तेव्हा शहर वेगळे दिसू लागले.

अहमद निजामशहाने पंधराव्या शतकाच्या अखेरीस हे शहर वसविले तेही आपल्यासारख्याच कमी पावसाच्या मुलखात. मग इथे बागा झाल्या त्या कशावर? फराहबागेचे उदाहरण घ्या. 1583 च्या सुमारास पुरा झालेला हा महाल मोठ्या तळ्याच्या मध्यभागी उभारलेला होता. आज आपण कोरड्या जमिनीवरून चालत त्याच्या कमानींपर्यंत जातो, वर पाहतो आणि ‘वा!’ म्हणतो. ज्या तळ्यासाठी तो महाल, ते तळे केव्हाच आटले. शहराला पाणी यायचे ते कापूरवाडी, शेंडी यांसारख्या आसपासच्या गावांकडून. खापरी नळांतून, केवळ उताराच्या जोरावर. ना पंप, ना वीज. आमच्या मंडळींनी चरांनी डोंगरावरचे पाणी अडविले त्याच्या चारशे वर्षे आधी याच तालुक्यात डोंगरपायथ्याचे पाणी हिशेबाने वळविणारे लोक होते. मला या गोष्टीचे जितके अप्रूप वाटते तितके कुठल्याही घुमटाचे वाटत नाही.

आणि सलाबतखान! पाथर्डी रस्त्याला शहा डोंगरावरची ती अष्टकोनी तीन मजली वास्तू आपण सगळ्यांनी पाहिली आहे. तिला सारा जिल्हा ‘चांदबिबीचा महाल’ म्हणतो. ती आहे सलाबतखानाची कबर. मूर्तझा निजामशहाचा हा मंत्री. भातोडीचे जुने तळे त्यानेच बांधविले. एकोणिसाव्या शतकात इंग्रजांना त्याच तळ्याची दुरुस्ती करून ते पुन्हा वापरात आणावेसे वाटले. 1624 साली भातवडीची लढाई झाली ती याच परिसरात. मलिक अंबरने तळ्याचे पाणी सोडून शत्रूच्या छावणीत चिखल केला, असे सांगतात. शहाजीराजे त्या लढाईत लढले आणि त्यांचे बंधू शरीफजी तिथे पडले. म्हणजे ज्या माणसाच्या तळ्याने शेते भिजविली आणि एका लढाईचे पारडे फिरविले, त्याच्या कबरीवर आपण दुसऱ्याच व्यक्तीचे नाव लावून मोकळे झालो. चांदबिबीचे शौर्य मोठेच. 1595-96 साली तिने मोगलांविरुद्ध किल्ला लढविला तो इतिहास कोणी पुसू शकणार नाही. पण म्हणून तिला तिची नसलेली इमारत देण्याचे कारण काय? त्या कबरीच्या भिंतींवर नावे कोरून ठेवणाऱ्यांत आपल्यासारखी शिकलेली मुलेच जास्त असावीत, अशी मला शंका आहे. अक्षर बरे असते.

भुईकोट किल्ल्याविषयी थोडक्यात. 1942 च्या ऑगस्टात नेहरूंना इतर नेत्यांबरोबर इथे आणले, आणि 1944 साली त्यांनी ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ इथेच लिहिले, हे आपल्याला पाठ असते. त्यांनी तुरुंगाच्या आवारातल्या खडकाळ मातीत फुलझाडांसाठी खणायला घेतले तेव्हा जमिनीखाली जुन्या भिंतींचे अवशेष लागले, हे मात्र फार जण वाचीत नाहीत. कैदेतला माणूसही पायाखाली काय आहे ते पाहत होता. आपण तर मोकळे आहोत.

कोणी म्हणेल, परदेशातल्या मुलांना हे सगळे आपोआप कळते. मला तसे वाटत नाही. रोमला शिकणारी मुलगी त्रेवीच्या कारंज्यात नाणे टाकते आणि छायाचित्र पाठविते. हे कारंजे ज्या जलवाहिनीच्या टोकाशी बांधले ती मुळात ख्रिस्तपूर्व 19 साली रोमनांनी आणलेली. पुढे ती मोडली आणि शतकांनंतर पुन्हा दुरुस्त झाली. तिथे दुरुस्ती झाली, इथे नळ बुजले. दोन शहरांतला फरक शोधायचाच असेल तर मी तो इथे शोधीन. नाणे टाकणाऱ्या मुलीला हे ठाऊक नसले तर तिचे रोम पाहणे आणि आपल्या वर्गाचे फराहबाग पाहणे यांत अंतर फक्त विमानभाड्याचे.

मला याची धास्ती का वाटते, तेही सांगतो. आमच्या गावात आता माझ्या वयाची मुले आहेत. त्यांनी टँकर पाहिलेला नाही, 1972 च्या दुष्काळानंतरची गावाची दैना फक्त आज्यांकडून ऐकली आहे. ज्याने कोरडी विहीर पाहिली नाही त्याला ग्रामसभेतले ‘नाही’ जाचक वाटू शकते. निजामशाहीतले खापरी नळ कोणी एका दिवसात फोडले नसावेत. एका पिढीने गाळ काढला नाही, दुसरीला नळ कुठून जातात हे ठाऊक राहिले नाही, असेच झाले असावे असे मला वाटते. आमच्या गावाचे असे व्हायला आणखी किती वर्षे लागतील, हा विचार कोरड्या तळ्यातून सायकल ढकलताना मनात येतो.

तेव्हा आपल्या महाविद्यालयाच्या सहल समितीला एक विनंती. दूरची सहल जरूर काढा, समुद्र सगळ्यांनाच आवडतो. पण वर्षातून चार रविवार इतिहास आणि भूगोल या दोन्ही विभागांनी मिळून मुलांना भातोडीला, शहा डोंगरावर, कापूरवाडीच्या बाजूला न्यावे. मार्गदर्शक म्हणून गावातला एखादा म्हातारा शेतकरी बरोबर घ्यावा; पाणी कुठून यायचे हे त्याला आपल्यापेक्षा बरे माहीत असते. आणि आमच्या गावी यायचे असेल तर ग्रामसभेच्या दिवशी या. त्या दिवशी छायाचित्रे काढण्यासारखे काही नसते. चहा मात्र मिळेल.